२६ जानेवारी आणि बियाण्याचा माणूस



सकाळी शाळेतलं झेंडावंदन उरकून तसाच रानात आलोय. ज्वारी हुरड्यात आहे, पाखरं राखायला बसलोय, तोवर लिहितो. आजच्याच तारखेला, २६ जानेवारी १९४३ ला, रशियातल्या सारातोव्हच्या तुरुंगात एक माणूस उपासमारीनं गेला. निकोलाय वाव्हिलोव्ह त्याचं नाव. कृषी अधिकारी मंडळींना नाव माहीत असेल, आपल्यातल्या बऱ्याच जणांना नसेल. मलाही दहावीपर्यंतच्या पुस्तकात तो कधी भेटला नाही, फार उशिरा कळला.

जन्म १८८७ चा, मॉस्कोचा. शेतकी शिकला. पदवीसाठी अभ्यास केला तो पिकं खाणाऱ्या गोगलगायींचा. पुढं मोठा शास्त्रज्ञ झाला, लेनिनग्राडच्या मोठ्या संस्थेचा प्रमुख झाला, पण खुर्चीत बसायचं त्याच्या जिवावर यायचं. घोड्यावर, खेचरावर, नाहीतर पायी, डोंगरातल्या खेड्याखेड्यांत जायचा आणि शेतकऱ्याकडून मूठमूठ बी मागून आणायचा. नुसतं बी नाही. कधी पेरता, कसं खाता, कुठल्या रानात येतं, सगळं लिहून घ्यायचा.

१९१६ साली त्याला इराणकडं पाठवलं. तिथले रशियन सैनिक भाकरी खाऊन आजारी पडत होते. यानं गहू बघितला, तर त्यात विषारी तणाचं बी मिसळलेलं. काम तिथंच संपलं होतं, पण हा पुढं पामीरच्या डोंगरात शिरला. तिथं त्यानं एक गोष्ट टिपली, ती मला फार आवडते. खालच्या रानात गव्हात 'राय' नावाचं तण होतं. जसजसं वर चढावं तसा गारठा वाढायचा, गहू कमी व्हायचा आणि राय वाढायची. अगदी वर तर नुसती रायच. तिथले लोक मग तीच कापून खायचे. म्हणजे गव्हातलं तणच थंडीच्या मुलखात पीक होऊन बसलं! आपण आयुष्यभर खुरपं चालवतो, पण तणाकडं असं कोण बघतं?

१९२४ ला अफगाणिस्तान, १९२६-२७ ला इथिओपिया, मग चीन, जपान, कोरिया, मेक्सिको, दक्षिण अमेरिका. हिंडता हिंडता त्यानं एक हिशोब मांडला. ज्या मुलखात एखाद्या पिकाचे सगळ्यात जास्त प्रकार सापडतात, तिथंच बहुधा त्या पिकाचं माहेर. पुढच्या अभ्यासकांनी त्यात दुरुस्त्या केल्या, पण मूळ धरलं ते यानंच. त्याच्या हिशोबात तूर आणि वांगं आपल्याकडचं. मिरची आणि मका मेक्सिकोकडचा. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. आणि ही समोर उभी आहे ती ज्वारी इथिओपियाकडची. आपण हिला मराठवाड्याची, सोलापूरची म्हणतो. म्हणायला हरकत नाही, सून घरात मुरली की घरचीच होते.

१९४० पर्यंत त्याच्या संस्थेत सुमारे अडीच लाख नमुने जमा झाले होते. हेतू एकच, रशियात पुन्हा दुष्काळ पडला तर पाण्याविना येणारं, थंडीला टिकणारं, तांबेऱ्याला दाद न देणारं बी हाताशी असावं.

पण सरकारला घाई होती. लिसेंको नावाच्या माणसानं सांगितलं की बियाला थंडीत ठेवून वगैरे दोन-तीन वर्षांत उत्पन्न वाढवून दाखवतो. हा शेतकऱ्याच्या घरातला, बोलायला तेज. गंमत म्हणजे सुरुवातीला वाव्हिलोव्हनंच त्याला हात दिला होता. लिसेंको जनुकशास्त्र मानायचाच नाही. स्टालिनला मात्र तोच पटला. नवं वाण तयार व्हायला वर्षं लागतात असं खरं बोलणारा वाव्हिलोव्ह सरकारच्या डोळ्यात सलायला लागला. (दोन महिन्यांत दुप्पट उत्पन्न सांगणारी बाटली घेऊन बांधावर येणारे आपण बघतोच की.)

६ ऑगस्ट १९४०. पश्चिम युक्रेनच्या डोंगराळ भागात तो बी गोळा करत होता. सरकारी माणसं गाडी घेऊन आली, मॉस्कोला तातडीचं बोलावणं आहे म्हणाली आणि घेऊन गेली. मागं राहिलेली त्याची पिशवी सोबत्यांनी उघडली. त्यात त्याच दिवशी मिळालेल्या, आपल्या खपलीसारख्या टरफलाला धरून राहणाऱ्या जुन्या गव्हाच्या लोंब्या होत्या.

फाशीची शिक्षा झाली, मग ती वीस वर्षांची केली. तुरुंगात त्यानं शेतीच्या इतिहासावर पुस्तक लिहिलं, ते हरवलं. ज्या सारातोव्हमध्ये तो एकेकाळी प्राध्यापक होता तिथल्याच तुरुंगात मेला. त्याची बायको येलेना, ती मसुराची अभ्यासक, मुलाला घेऊन युद्धात त्याच शहरात राहत होती. तुरुंग काही गल्ल्या सोडून. नवरा कुठं आहे हे तिला कुणी सांगितलं नाही.

तिकडं लेनिनग्राडला सप्टेंबर १९४१ पासून जर्मनांचा वेढा. सगळ्यात वाईट दिवसांत माणशी सव्वाशे ग्रॅम पाव, तोही भेसळीचा. संस्थेच्या इमारतीत पोत्यांनी धान्य. तिथली माणसं आळीपाळीनं पहारा द्यायची, उंदरांपासून आणि लोकांपासून. बटाट्याचं बी गोठू नये म्हणून तळघरात मिळेल ते जाळायची. भाताचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह भाताच्या हजारो पुड्यांच्या शेजारी उपाशी मेले. भुईमुगाचे श्चुकिन गेले. ओटच्या लिलिया रोदिना गेल्या. बी खाल्लं नाही. आपला साहेब जिवंत आहे का मेला, हेही त्यांना माहीत नव्हतं.

हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. बहात्तरच्या दुष्काळात मी अगदी लहान, पण वडील सांगायचे. घरात सगळे अमेरिकेची लाल मिलो खात होते. माजघरात दगडी ज्वारीच्या बियाचं मडकं होतं, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. पोरं भुकेनं रडायची, पण आजीनं ते फोडू दिलं नाही. पाऊस झाल्यावर त्याच बियानं रान पेरलं.

ते बी तिनं राखलं आणि मी घालवलं. नव्वदच्या पुढं कधीतरी पिशवीतलं बी आणलं, उत्पन्न बरं आलं, पुढच्या वर्षी मडक्यातली दगडी कोंबड्यांना टाकली. त्या वेळी काही वाटलंही नाही. आज माझ्या रानात मालदांडी आहे. ती मोहोळला आपल्याच गावरान ज्वारीतून निवडलेली, चांगलीच आहे. पण दगडीचा दाणा कडक, मडक्यात वर्षभर किडायची नाही, हे अजून डोळ्यासमोर आहे.

दोन वर्षं शोधतोय. कुणी दगडी म्हणून देतं, पेरल्यावर कणीस वेगळंच निघतं. तुमच्या भागात कुणा म्हाताऱ्या माणसाच्या घरी जुनी दगडी अजून पेरत असतील तर खाली लिहा. ओंजळभर पुरे. मी स्वतः येऊन घेऊन जाईन, आणि बदल्यात गुळभेंडीचं बी देईन, हुरड्याला झकास आहे.

पाखरं बसली बघा पुन्हा. उठतो.