टेक्नो म्हणजे काय? अर्थ आणि उगम

टेक्नोसॅव्ही, टेक्नोक्रॅट, टेक्नोफोबिया हे शब्द आपण सर्रास वापरतो. टेक्नो म्हटलं की मोबाईल, कॉम्प्युटर, रोबोट डोळ्यांसमोर येतात. मूळ शब्द मात्र यंत्राबद्दल नव्हता, माणसाच्या कसबाबद्दल होता.

मूळ कुठलं?

टेक्नो हे ग्रीक भाषेतल्या 'तेख्ने' या शब्दापासून आलेलं उपपद आहे. तेख्ने म्हणजे कला, कारागिरी, शिकून मिळवलेलं कौशल्य. जहाज बांधणं, रोग्यावर उपचार करणं, सभेत प्रभावी बोलणं, हे सगळं ग्रीकांसाठी तेख्नेच होतं.

ग्रीकमध्ये सुताराला 'तेक्तोन' म्हणत आणि संस्कृतमध्ये 'तक्षन्'. हे सगळे शब्द एकाच प्राचीन मुळातून आले, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे टेक्नो आपल्याला वाटतो तितका परका नाही! आपल्या 'तंत्रज्ञान' मधला 'तंत्र' मात्र वेगळ्या धातूपासून, 'तन्' म्हणजे ताणणे यापासून, आला आहे. संस्कृतमध्ये तंत्रचा एक अर्थ माग असाही आहे.

यंत्रांशी नातं कसं जुळलं?

1777 मध्ये जर्मनीत योहान बेकमान यांनी टेक्नॉलॉजीवर पुस्तक लिहिलं. त्यात विषय होता वेगवेगळे धंदे आणि वस्तू बनवण्याच्या पद्धती. अमेरिकेत जेकब बिगेलो यांचं या विषयावरचं पुस्तक 1829 मध्ये आलं, तर 1861 मध्ये स्थापन झालेल्या एमआयटीच्या नावातच हा शब्द बसला. पुढे कारखाने वाढले तसा टेक्नॉलॉजीचा अर्थ कसबाकडून यंत्रांकडे सरकत गेला.

आणि टेक्नो संगीत?

हे 1980 च्या दशकात अमेरिकेतल्या डेट्रॉइट या मोटारींच्या शहरात घडलं. हुआन अॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी सिंथेसायझर आणि ड्रम मशीन वापरून ते घडवलं. अॅटकिन्स यांच्यावर अॅल्विन टॉफ्लर यांच्या 'द थर्ड वेव्ह' (1980) या पुस्तकाचा प्रभाव होता. त्यात 'टेक्नो-रेबेल्स' असा शब्द आहे: तंत्रज्ञान नाकारणारे नव्हेत, तर त्यावर माणसाचा ताबा हवा म्हणणारे. 1988 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संग्रहामुळे टेक्नो हे नाव जगभर गेलं.

मग लक्षात काय ठेवायचं?

आमच्या क्षेत्रात माणसांची 'टेक्निकल' आणि 'नॉन-टेक्निकल' अशी सरळ वाटणी होते. मला ती खटकते. मूळ अर्थ पाहिला तर पैठणी विणणारा कारागीरही माझ्याइतकाच टेक्निकल आहे. कोड लिहिता येणं हे अनेक कसबांपैकी एक कसब, एवढंच!