'ढ' कोण ठरवतो?

जूनच्या मध्यात शाळा उघडते. नव्या वर्गातली सगळी नावे पाठ व्हायला शिक्षकाला दोन-तीन आठवडे लागतात. कोणती मुले हुशार आणि कोणती 'ढ' हे मात्र बहुधा त्याच्या आधीच मनात ठरून जाते. 'ढ' हे अक्षर या कामी का आले याची एक गंमत सांगतात. अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांची रूपे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, 'ढ' मात्र जवळजवळ तसाच राहिला. म्हणून काही केल्या न सुधारणाऱ्या मुलाला ते अक्षर चिकटले. पण ते मूल खरोखरच सुधारत नाही, की ते सुधारणार नाही असे धरून आपण त्याच्याशी वागतो? हा प्रश्न प्रयोगाने तपासता येतो, आणि तो तपासला गेला आहे.

सुरुवात झाली उंदरांपासून. रॉबर्ट रोझेन्थाल आणि केर्मिट फोड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1963 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच पांढरे उंदीर दिले. सहा जणांना सांगितले, तुमचे उंदीर भूलभुलैयातून वाट काढण्यात पिढीजात हुशार आहेत. उरलेल्या सहा जणांना सांगितले, तुमचे मंद आहेत. प्रत्यक्षात सगळे उंदीर सारखेच होते. पाच दिवसांच्या चाचण्यांत 'हुशार' उंदीर सरस ठरले! आपले उंदीर हुशार आहेत असे समजणाऱ्यांनी ते अधिक वेळा आणि अधिक हळुवारपणे हाताळले होते.

उंदरांच्या बाबतीत असे होत असेल तर मुलांचे काय? रोझेन्थाल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका लिनोर जेकबसन यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत हे पाहिले. 1968 सालच्या त्यांच्या पुस्तकात तिचे नाव 'ओक स्कूल' असे बदलून दिले आहे. वस्ती गरिबांची, काही मुले मेक्सिकन घरांतली. पहिली ते सहावीच्या मुलांची एक बुद्धिमापन चाचणी घेतली आणि प्रत्येक शिक्षकाला काही नावे दिली : ही मुले या वर्षात एकदम पुढे जाणार आहेत. ही नावे, म्हणजे सुमारे वीस टक्के मुले, नुसती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली ती मुले इतरांहून ठळकपणे पुढे गेली. वरच्या वर्गांत तसा फरक दिसला नाही.

या प्रयोगातला दुसरा निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही, पण शिक्षकांनी तोच आधी वाचावा असे आम्हांला वाटते. यादीत नाव नसलेलीही काही मुले त्या वर्षात पुढे गेली होती. शिक्षकांना ती आवडली का? नाही. विशेषतः कच्च्या तुकडीतले मूल अनपेक्षितपणे वर चढले, तर शिक्षकांनी त्याच्या वागणुकीविषयी उलट प्रतिकूलच मत दिले. ज्याच्याकडून काही अपेक्षा नाही त्याने पुढे जाणे आपल्याला खटकते, असा याचा अर्थ.

पुस्तक गाजले, तशी टीकाही झाली. रॉबर्ट थॉर्नडाइक यांनी दाखवून दिले की इतक्या लहान मुलांना ती चाचणी योग्य नव्हती आणि काही गुण तर अशक्य वाटावेत इतके कमी होते. पुढे अनेकांनी प्रयोग करून पाहिले. कुणाला परिणाम मिळाला, कुणाला नाही. स्टीफन राउडेनबुश यांनी 1984 साली असे अठरा प्रयोग एकत्र तपासले तेव्हा या गोंधळाचा एक उलगडा झाला. शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक ओळखत असतील तर बाहेरून दिलेल्या माहितीचा परिणाम जवळजवळ होतच नाही, कारण तोवर शिक्षकाचे स्वतःचे मत पक्के झालेले असते. ली जसिम आणि केंट हार्बर यांनी 2005 साली सगळ्या संशोधनाचा आढावा घेतला. एकूण परिणाम थोडाच असतो, पण समाजाने आधीच कमी लेखलेल्या गटांतल्या मुलांवर तो बराच मोठा असू शकतो, असे त्यांना आढळले.

खानदेशात कमी लेखायचे एक कारण मुलाने तोंड उघडताच सापडते. बोदवडच्या परिसरातल्या कित्येक घरांत लेवा बोली बोलतात. पश्चिमेला धुळ्याकडे अहिराणी. लेवा बोलीत 'ळ'चा 'य' होतो : डोळा 'डोया', आभाळ 'आभाय', केळी 'केयी'. पाठ्यपुस्तकाची भाषा मात्र पुणेरी वळणाची आणि संस्कृत शब्दांनी जड. ओला कापूस वजनाला जास्त भरतो आणि वाळला की घटतो, हे बापाबरोबर मार्केटात जाऊन आलेल्या मुलाला चांगले ठाऊक असते. 'बाष्पीभवनाची व्याख्या सांग' म्हटल्यावर तेच मूल खाली मान घालते. शिक्षकाला ऐकू येते ते एवढेच, की याला काही येत नाही. याच बोलीत असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी (1880-1951) कविता रचल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या कविता शालेय पाठ्यपुस्तकांत आल्या, आणि 2018 सालापासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. तरी पाठ्यपुस्तकात गौरवलेला 'डोया' मुलाच्या वहीत आला की त्यावर लाल रेघ ओढली जाते!

बोदवडहून तापी ओलांडून उत्तरेला गेले की रावेर तालुक्यात खिरोदा लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र 1974 साली सुरू झाले आणि आपल्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या कामासाठी त्याने याच गावाच्या आसपासच्या ग्रामीण शाळा निवडल्या. त्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम झाले. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी मूळचे संशोधक. खेड्यातली मुले विज्ञानात मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून, हे त्यांनी गृहीत धरले नाही; अडते कुठे ते शोधायला घेतले. पुढे मुंबई महापालिकेच्या शाळांत त्यांनी अडसर भाषेचा आहे का हे तपासले. विज्ञानाचा मजकूर तोच ठेवला, कठीण काही गाळले नाही, फक्त वाक्ये आणि शब्द सोपे केले. मुलांची कामगिरी सुधारली. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे वर्गात बोलणे वाढले, मुले प्रश्न विचारू लागली.

याच केंद्रात 1980 नंतर कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी एक प्रकल्प चालवला. त्यांना प्रयोग करू दिले, भाषेत मदत केली, विचार करायला लावणारे प्रश्न घातले आणि हे काही वर्षे सातत्याने केले. शालान्त परीक्षेत ही मुले उत्तम रीतीने उतरली. 'तू करू शकशील' एवढे म्हणून हे झाले नाही. अवघड काम द्यायचे आणि ते करता यावे म्हणून हाताशी लागणारे सगळे पुरवायचे, या दोन्ही गोष्टी तिथे होत्या.

खानदेशात याची जुनी परंपराही आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत. त्यांच्या मायेच्या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. पण मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतः हाताने लिहून काढत, हे आम्हांला अधिक बोलके वाटते. शाळकरी मुले रोज गंभीरपणे वाचतील असे ज्याला वाटते तोच असला खटाटोप करील.

शिक्षकाच्या मनातले मत मुलापर्यंत पोचते कसे? रोझेन्थाल यांनी चार वाटा सांगितल्या : वागण्यातली ऊब, किती आणि किती अवघड शिकवले जाते, उत्तर द्यायची संधी आणि दिलेल्या उत्तरावरचा प्रतिसाद. यातली तिसरी घड्याळाने मोजता येते, आणि मेरी बड रो यांनी ती मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. वर्गातल्या पहिल्या पाच मुलांना मिळत होते जवळजवळ दोन सेकंद, शेवटच्या पाचांना एकाहूनही थोडे कमी. म्हणजे ज्याला जास्त वेळ हवा त्यालाच कमी. हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांबली, 'माहीत नाही' कमी झाले आणि गप्प बसणारी मुले बोलू लागली.

हा प्रयोग बोदवडच्या कुठल्याही वर्गात बिनखर्चाने करता येईल. मागच्या बाकावर सहकारी शिक्षकाला किंवा नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सेकंदकाटा असलेले घड्याळ देऊन बसवावे. आपल्या मते हुशार अशा पाच आणि कच्च्या अशा पाच मुलांची नावे आधी कागदावर लिहून ती घडी त्याच्याकडे द्यावी. त्याने ती तास संपल्यावर उघडावी. तासात कोणाला किती वेळा विचारले आणि उत्तरासाठी किती सेकंद थांबलो, एवढेच त्याने टिपायचे. असे सहा-सात तास झाले की दोन्ही रकान्यांची सरासरी काढावी. मग महिनाभर मनात तीन आकडे मोजून थांबावे आणि पुन्हा टिपावे.