सरकारी गाडी आणि घरचे सुतक: रोमन साम्राज्यातील प्रवासाचे नियम

१/ इ.स. ११२ च्या सुमाराची गोष्ट. काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँटस प्रांताचा अधिपती धाकटा प्लिनी याच्यापुढे एक घरगुती पेच उभा राहिला. पत्नी कॅल्पुर्निया हिचे आजोबा वारल्याची वार्ता आली होती आणि तिला तातडीने आत्याकडे जायचे होते. वेगाने नेणारी व्यवस्था एकच होती; पण ती केवळ राजकार्यासाठी राखीव होती.

२/ ही व्यवस्था उभारली सम्राट ऑगस्टसने. चरित्रकार सुएटोनियस सांगतो की, आरंभी हमरस्त्यांवर ठरावीक अंतरावर तरुण जासूद नेमले होते. पुढे त्यांच्या जागी वाहने आली. हेतू असा, की पत्र घेऊन निघालेलाच मनुष्य अखेरपर्यंत यावा आणि त्याच्याकडे तोंडी विचारपूसही करता यावी. उत्तरकाळात ही व्यवस्था ‘कुर्सुस पुब्लिकुस’ या नावाने ओळखली गेली.

३/ या सरकारी गाड्या येत कोठून? रस्त्यालगतच्या गावांकडून आणि नगरांकडून. गाडी त्यांची, खेचर त्यांचे. आपल्याकडे ज्याला वेठ म्हणत, तिच्याशी या पद्धतीचे जवळचे नाते आहे. म्हणूनच ‘सरकारी वाहन कोणी वापरावे’ हा प्रश्न केवळ कार्यालयीन शिस्तीचा नव्हता. शेतकऱ्याचे जनावर पेरणीच्या दिवसांत घरी असणार की नाही, हे त्यावर ठरत असे.

४/ याचा उत्तम पुरावा आजच्या तुर्कस्तानातील सागालासोस या प्राचीन नगराच्या परिसरातून आला. सम्राट टायबेरियसच्या कारकिर्दीच्या आरंभीचा हा शिलालेख लॅटिन आणि ग्रीक अशा दोन्ही भाषांत आहे. प्रांताधिपती लिबुस्किदियानुस याने तो कोरवून घेतला. इतिहासकार स्टीफन मिचेल यांनी तो १९७६ मध्ये प्रसिद्ध केला.

५/ नगराने १० गाड्या आणि तितकीच खेचरे सज्ज ठेवावीत, असा हुकूम त्यात आहे. दर्जानुसार हक्कही ठरवून दिले आहेत: सिनेटच्या सभासदाला १० गाड्या, सम्राटाच्या सेवेतील अश्वारोही वर्गाच्या अधिकाऱ्याला ३, शंभर सैनिकांवरील नायकाला १. गाडी नको असल्यास एका गाडीऐवजी ३ खेचरे आणि एका खेचराऐवजी २ गाढवे.

६/ हे फुकट नव्हते. ठरावीक अंतराला गाडीमागे १० आस आणि खेचरामागे ४ आस (आस म्हणजे तांब्याचे नाणे) गावाला देणे बंधनकारक होते. नफ्यासाठी किंवा स्वतःच्या उपयोगासाठी धान्य वाहणाऱ्यास काहीही देऊ नये, असेही बजावले आहे.

७/ लेखाचा आरंभ मात्र सर्वांत बोलका आहे. मोबदला दिल्याखेरीज कोणी गाडी वापरू नये, ही दक्षता दोन सम्राटांनी आधीच घेतली होती. तरी काहींच्या बेशिस्तीमुळे तेच पुन्हा सांगावे लागत आहे, अशी खंत अधिपती व्यक्त करतो. नियम मोडला जात होता, हे नियमाच्याच तोंडून कळते.

८/ वापराचा हक्क सिद्ध होई तो ‘डिप्लोमा’ने. मूळ ग्रीक अर्थ ‘दुमडलेले’ पत्र. त्याला मुदत असे. मुदत संपलेले परवाने चालतील का, असे प्लिनीने एकदा विचारले, तेव्हा सम्राट ट्राजनने साफ नकार दिला. नवे परवाने वेळेआधीच प्रांतोप्रांती पोहोचतील अशी तजवीज आपण करतो, असेही त्याने कळवले.

९/ परवाना नसला तर? पर्टिनॅक्स नावाच्या एका तरुण सेनाधिकाऱ्याने सीरियात विनापरवाना सरकारी वाहन वापरले. तेथील अधिपतीने त्याला अँटिओकपासून नेमणुकीच्या ठिकाणापर्यंत पायी चालत जायला लावले, असे त्याचे उत्तरकालीन चरित्र सांगते. हाच पर्टिनॅक्स इ.स. १९३ मध्ये रोमचा सम्राट झाला!

१०/ सम्राट नर्व्हा याने इटलीपुरता हा भार माफ केला आणि त्याची आठवण नाण्यावर उमटवली. त्यावर चरणारी खेचरे आहेत आणि मागे मोकळी सोडलेली गाडी. प्रांतांतील खेचरांच्या मानेवरचे जू मात्र उतरले नाही.

११/ चौथ्या शतकात नियम अधिक बारीक झाले. चारचाकी गाडीवर १००० रोमन पौंड, दुचाकीवर २०० आणि टपालाच्या घोड्यावर ३० पौंडांहून अधिक भार नको. जनावरांना सोट्याने मारू नये, असा कॉन्स्टंटाइनचा आदेश आहे. सम्राट ज्युलियनने तर प्रांताधिपतींना वर्षाला अवघे दोन परवाने ठरवून दिले.

१२/ एवढी कठोरता का? ज्युलियनच्या आधीच्या कॉन्स्टँटियसच्या काळात धर्मसभांना जाणाऱ्या बिशपांचे तांडेच्या तांडे सरकारी वाहनांनी फिरत. त्यामुळे ही व्यवस्था पार खिळखिळी झाली, असे इतिहासकार अमियानुस लिहितो. व्यवस्था मोडली ती चोरट्यांमुळे नव्हे. हाती रीतसर परवाना असलेल्यांमुळे.

१३/ इ.स. ४३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थिओडोसियसच्या विधिसंग्रहात या एकाच विषयावर साठाहून अधिक कायदे आहेत. इतके कायदे म्हणजे शिस्तीचा पुरावा नव्हे. जो कायदा पाळला जातो, तो वारंवार काढावा लागत नाही.

१४/ आणि प्लिनी? त्याने कॅल्पुर्नियाला परवाना दिला. मग स्वतःच सम्राटाला लिहून कळवले की, आजवर राजकार्याखेरीज कोणालाही परवाना दिला नव्हता. परंतु अनुमतीची वाट पाहिली असती, तर फार उशीर झाला असता. ट्राजनने त्याची कृती योग्य ठरवली. प्लिनीच्या पत्रसंग्रहाचा दहावा भाग या पत्रोत्तरावरच संपतो.

१५/ हा निर्णय माणुसकीचा होता, यात शंका नाही. अधिपतीला आपली अडचण सम्राटाच्या कानी घालता आली आणि क्षमाही मिळाली. वाटेवरच्या ज्या गावांनी कॅल्पुर्नियासाठी जनावरे जोडून दिली, त्यांना मात्र तो परवाना राजकार्याचा आहे की घरच्या सुतकाचा, हे विचारण्याची सोय नव्हती. सरकारी वाहनाच्या प्रत्येक नियमामागे अखेर तीच गावे उभी आहेत.