मुल्हेरचा रुद्रकवी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

साक्री, पिंपळनेर मागे टाकून ताहाराबादकडे निघाले की मुल्हेर-साल्हेरचे डोंगर दिसू लागतात. आज हा भाग नाशिक जिल्ह्यात असला, तरी १८६९ पर्यंत बागलाण खानदेश जिल्ह्यातच होते. मुल्हेरचे जुने नाव मयूरगिरी. तिथे बागूल राजांचे छोटेसे राज्य होते आणि त्यांच्या पदरी रुद्रकवी नावाचा पंडित होता.

राजा नारायणशहाच्या सांगण्यावरून रुद्रकवीने शके १५१८ मध्ये, म्हणजे इ. स. १५९६ साली, ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ हा वीस सर्गांचा संस्कृत ग्रंथ रचला. कनोजच्या मूळ पुरुषापासून नारायणशहापर्यंतची वंशकथा त्यात येते. मूळ पुरुषाची कथा पुराणातली वाटते. पण बागलाणच्या इतिहासाचे हे मोलाचे साधन आहे.

पुढे दिवस पालटले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, फारुकी राजवट संपली. शाहजादा दानियालच्या नावावरून खानदेशाला ‘दानदेश’ म्हणू लागले. बागलाण तर सुरत-बुऱ्हाणपूर वाटेवरच. एवढ्या फौजेपुढे नारायणशहानंतरचा राजा प्रतापशहा किती टिकणार?

अशा वेळी रुद्रकवीची लेखणी कामी आली. १६०३ मध्ये त्याने दानियालवर काव्य लिहिले, १६०९ मध्ये अब्दुर्रहीम खानखानानवर. पुढे जहांगीर आणि शाहजादा खुर्रम यांच्यावरही लिहिले. खानखानान म्हणजे दोहे रचणारा रहीम. त्याच्या स्तुतीत प्रतापशहाला साहाय्य करण्याची विनंतीही आहे. याला नुसती भाटगिरी कसे म्हणावे? ही एका लहान राज्याची वकिली होती. म्हणून अशी स्तुती वाचताना ती कोणाची, केव्हा आणि कशासाठी केली, हे आधी विचारावे. मग अतिशयोक्तीतूनही इतिहास हाती लागतो.

बागलाण त्यानंतर काही दशके टिकले. ते काव्यामुळेच टिकले असे मात्र म्हणता येणार नाही. खुर्रम पुढे शाहजहान झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत, १६३८ साली, औरंगजेबाने मुल्हेर घेतले. शेवटच्या राजाच्या वाट्याला खानदेशातला सुलतानपूर परगणा आला.

रुद्रकवीचे महाकाव्य १९१७ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले गेले. मुल्हेरला जाल तेव्हा गडाबरोबर या कवीचीही आठवण ठेवा.