लॅटिनमधील अभाववाचक शब्द आणि शून्याचा अंक

‘काहीच नाही’ या अर्थाचे लॅटिनमधील प्रमुख शब्द स्वयंभू नाहीत. ते ‘ने’ या नकारवाचक अव्ययाच्या संयोगाने सिद्ध झालेले आहेत. परंपरागत व्युत्पत्तीप्रमाणे ‘ने’ व ‘हीलुम’ (क्षुल्लक वस्तू) मिळून ‘निहिल’ झाला आणि त्याचा संकोच होऊन ‘निल’. ‘ने’ व ‘उल्लुस’ (कोणी एक) यांपासून ‘नुल्लुस’, तर ‘ने’ व ‘होमो’ (मनुष्य) यांपासून ‘नेमो’, म्हणजे कोणीही नाही, हे शब्द निघाले. अत्यल्प वस्तूचाही निषेध करून संपूर्ण अभाव सुचविण्याची ही रीती मराठीच्या ‘तिळमात्र नाही’ या प्रयोगातही दिसते.

इंग्रजीत या शब्दांचा वंशविस्तार मोठा आहे. ‘निहिल’पासून ‘अनायलेट’ (समूळ नाश करणे) हे क्रियापद आले. ‘निहिलिझम’ ही संज्ञाही त्यातूनच निघाली. याकोबीने १७९९ मध्ये फिख्टे यास लिहिलेल्या पत्रामुळे ती तत्त्वचर्चेत गाजली व तुर्गेनेव्हच्या १८६२ मधील कादंबरीमुळे सर्वतोमुखी झाली. ‘नुल्लुस’पासून ‘नल’ (निरर्थक, अवैध) व ‘अनल’ (रद्द ठरविणे) हे मुख्यतः कायद्याच्या भाषेत रुळले. ‘निल’ मात्र जसाच्या तसा उचलला गेला.

एवढी शब्दसंपत्ती असूनही रोमन अंकलेखनात शून्यास चिन्ह नव्हते. इ. स. ५२५ मध्ये दिओनीसिउस एक्सिगुउस याने ईस्टरच्या कालगणनेचे कोष्टक रचले, तेव्हा जेथे शेष काहीच उरत नव्हता तेथे त्याने ‘नुल्ला’ हा शब्द लिहिला. त्या शब्दाने रिकामी जागा भरली, परंतु त्यास स्थानमूल्य लाभले नाही.

ते स्थानमूल्य भारतीय अंकपद्धतीबरोबर युरोपात गेले. संस्कृत ‘शून्य’ याचा अरबी अनुवाद ‘सिफ्र’. त्याचे लॅटिन रूप ‘झेफिरुम’ पिसाच्या लिओनार्दोने १२०२ मध्ये योजिले. त्यापासूनच इटालियनमार्गे इंग्रजीचा ‘झीरो’ आला आणि ‘सिफ्र’च्याच दुसऱ्या शाखेतून ‘सायफर’. जर्मन भाषेने मात्र नव्या अंकास ‘नुल’ हे लॅटिन वंशाचेच नाव दिले.

ज्या समाजापाशी एखादा शब्द नाही त्यापाशी ती कल्पनाही नसावी, असे अनुमान पुष्कळदा केले जाते. शब्द आहे म्हणून कल्पना पूर्ण विकसित असावी, हे अनुमानही तितकेच सदोष होय. लॅटिनला अभावाचे शब्द उपलब्ध होते. उणीव होती ती रिकाम्या स्थानास कार्य देणाऱ्या लेखनपद्धतीची.