रांगेचं वीजबिल: डिस्नी वर्ल्ड, फोन आणि संपत आलेली बॅटरी

या भागाचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल: थीम पार्कमध्ये दिवसभर फोन चार्ज कसा ठेवायचा. ज्यांचं कुणी अमेरिकेत आहे त्यांना हे लगेच कळेल. आई-बाबा भारतातून आले की नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं आणि मग नातवंडांच्या निमित्ताने ओरलँडो. निघायच्या आदल्या रात्री फॅमिली ग्रुपवर सगळ्यात जास्त वेळा येणारा सल्ला असतो, "पॉवर बँक घ्या रे, दोन घ्या." टोपी आणि पाण्याची बाटली नंतर.

मला प्रश्न पडला तो असा. करमणुकीच्या जागी फिरायला गेलेल्या माणसाला विजेची काळजी कधीपासून करावी लागायला लागली? शोधत गेलो तर लक्षात आलं की हा बॅटरीचा इतिहास कमी आणि रांगेचा इतिहास जास्त आहे. रांग सांभाळायला वीज लागते. ती वीज कुणाची, एवढंच गेल्या पंचवीस वर्षांत बदलत गेलं.

सुरुवात कागदापासून. कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं. त्याच वर्षी तिथे तिकिटांची पुस्तकं आली. आपल्या जुन्या रेशनकार्डासारखा प्रकार: ए, बी, सी अशी कुपनं आणि ज्या राइडचा जो वर्ग, ते कुपन फाडून द्यायचं. १९५९ मध्ये सगळ्यात भारी राइडसाठी ई कुपन आलं. अमेरिकन इंग्रजीत 'ई-तिकीट' हा शब्द झकास अनुभवासाठी वापरला जातो, तो इथून आलाय. फ्लोरिडातलं मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं, तिथेही हीच पुस्तकं. १९८२ मध्ये ती बंद झाली आणि एका प्रवेश तिकिटात सगळं आलं. या काळात पाहुण्याच्या खिशात विजेवर चालणारं काही असलंच तर कॅमेऱ्यातले सेल. चुकामूक झाली तर? सकाळीच ठरवलेलं असायचं, अमुक वाजता कॅसलसमोर भेटायचं. जत्रेत आपण पाळण्यापाशी भेटायचं ठरवतो, तसंच.

सगळं एका तिकिटात आल्यावर रांगा वाढल्या. मोठ्या राइडवर आता कुणीही कितीही वेळा जाऊ शकत होतं. त्यावर १९९९ मध्ये उत्तर आलं, फास्टपास. (आपला फास्टॅग वेगळा, तो पुढे येणार आहे.) राइडच्या बाहेर मशीन असायची. तिच्यात प्रवेशाचं तिकीट घातलं की कागदाची चिठ्ठी बाहेर यायची: या एका तासाच्या अवधीत परत या, छोट्या रांगेतून आत सोडू. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर लोकांना रांगेत उभं करण्याऐवजी रांगेतली त्यांची जागा एका टेबलात नोंदवून ठेवली. घराघरात यातून एक नवीन पद तयार झालं. एका काकाने सगळ्यांची तिकिटं गोळा करायची आणि पार्कच्या दुसऱ्या टोकाच्या मशीनपर्यंत पळत जायचं. खर्च व्हायची ती काकांची ताकद. मशीनचा प्लग मात्र डिस्नीच्या भिंतीत होता. कागद, छपाई, वीज, सगळं पार्कचं.

आता २००७. आयफोन आला आणि पाचेक वर्षांत प्रत्येकाच्या हातात कॅमेरा, नकाशा, घड्याळ आणि फोन असं एकच यंत्र आलं. २०१२ च्या आयफोन ५ ची बॅटरी होती १४४० एमएएच. आज हजारो रुपयांत मिळणाऱ्या साध्या अँड्रॉइडला ५००० असते, यावरून अंदाज करा. तो फोन घेऊन उन्हात फोटो आणि व्हिडिओ काढत फिरायचं म्हटलं तर दुपारच्या जेवणापर्यंत लाल रेघ. लोक रेस्टॉरंटच्या कोपऱ्यात, झाडूवाल्यांसाठी ठेवलेल्या सॉकेटपाशी जमिनीवर बसायला लागले.

पार्कने हे पाहिलं आणि २०१३ मध्ये मॅजिक किंगडमला फॅन्टसीलँडमध्ये एक छान गोष्ट केली. तिथे पूर्वी स्कायवे नावाच्या रोपवेचं स्टेशन होतं. तो रोपवे १९९९ मध्ये बंद झाला होता. त्या जागी रॅपन्झेलच्या गोष्टीतला मनोरा उभा केला, खाली स्वच्छतागृहं केली आणि बसायला झाडाचे खोटे बुंधे ठेवले. त्या बुंध्यांमध्ये चार्जिंगचे प्लग बसवले. मला ही गोष्ट मनापासून आवडते. राजकन्या, मनोरा, कंदील आणि मधोमध खोडात चार्जर खुपसून बसलेले दमलेले बाप.

आवडते, पण जरा हिशोब करा. फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅजिक किंगडमचं एक दिवसाचं तिकीट १०५ डॉलर झालं. बारा तासांचा दिवस धरला तर तासाला पावणेनऊ डॉलर. त्या काळातल्या ५ वॅटच्या चार्जरने तासभरात फोन अर्ध्याच्या आसपास भरणार. म्हणजे अर्धी बॅटरी पावणेनऊ डॉलरला, शिवाय बुंध्यापाशी कुणीतरी राखण बसायला हवं. बहुतेक वेळा ती आजी असते.

त्याच २०१३ मध्ये पार्कने दुसरी, याहून कितीतरी मोठी गोष्ट बाजारात आणली: मॅजिकबँड. मनगटावरचा रबरी पट्टा. गेटवर टेकवा, आत. हॉटेलच्या दाराला टेकवा, उघडलं. दुकानात टेकवा, पैसे दिले. फास्टपासही त्याच्यावर. या सगळ्या यंत्रणेवर जवळपास १ अब्ज डॉलर खर्च झाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. मॅजिकबँडमध्ये दोन गोष्टी होत्या. एक आरएफआयडी चिप, जिला स्वतःची वीज लागतच नाही. समोरचा रीडर जे क्षेत्र तयार करतो, त्यातूनच ती क्षणभर जागी होते. आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच तत्त्वावर चालतो, म्हणून तो कधी चार्ज करावा लागत नाही. दुसरा होता लांबून ओळखू येणारा छोटा रेडिओ. त्याला आत एक सेल होता, दोनेक वर्षं टिकणारा. तो भरायचा नाही, बदलायचा नाही, त्याचा विचारही करायचा नाही. डिस्नीच्या हॉटेलात उतरलेल्यांना हा पट्टा फुकट मिळायचा.

इंजिनिअर म्हणून मला हा या सगळ्या गोष्टीतला सर्वोत्तम टप्पा वाटतो. पाहुण्याला ओळखायचं कामच असं आहे की ते कमीत कमी विजेवर व्हायला हवं, आणि इथे ते शून्य विजेवर होत होतं. उरलेली वीज पार्कची. जानेवारी २०१४ पर्यंत कागदी फास्टपासच्या मशीन गेल्या. नवीन फास्टपास फोनवरून घेता यायचा, पण फोन नसेल तर पार्कमध्ये स्क्रीन लावलेले स्टँड होते, शेजारी मदतीला माणूस. फोन मेला तरी दिवस मरत नव्हता.

मग हळूहळू एकेक काम पट्ट्यावरून आणि स्टँडवरून फोनमध्ये सरकलं. मे २०१७ मध्ये पँडोरा उघडलं आणि तिथल्या सातुली कँटीनमध्ये जेवण फोनवरून मागवायची सोय आली. २०१८ मध्ये तर रांगेत कंटाळा येऊ नये म्हणून खेळायचं वेगळं ॲप पार्कनेच काढलं. विचार करा, बॅटरी वाचवायची तर रांगेत फोन खिशात ठेवायचा, आणि पार्क म्हणतंय बाहेर काढा, खेळा. ५ डिसेंबर २०१९ ला स्टार वॉर्सची 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' उघडली, तिच्यात साधी रांगच नव्हती. ॲपमधून बोर्डिंग ग्रुप घ्यायचा आणि आपला नंबर लागेपर्यंत फोन जिवंत ठेवायचा.

या दशकात एका वेगळ्या कंपनीने या गरजेवर धंदा उभा केला. फ्यूएलरॉड. हातात मावणारी बॅटरीची कांडी, पार्कमध्ये ३० डॉलरला. संपली की कुठल्याही मशीनमध्ये घाला, भरलेली कांडी घ्या, तेही फुकट आणि हवं तितक्या वेळा. आपल्या गॅस सिलिंडरसारखं, रिकामा द्या भरलेला घ्या. कल्पना उत्तम, कारण प्लगपाशी बसायचा वेळ वाचतो. पण ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी बातमी आली की १ नोव्हेंबरपासून डिस्नीच्या पार्कांमध्ये प्रत्येक बदलाला ३ डॉलर. लोक भडकले. फुकट बदल मिळणार म्हणूनच तर ३० डॉलर मोजले होते. प्रकरण कोर्टात गेलं, पुढे तडजोड झाली आणि आधीच्या ग्राहकांचा फुकट बदल राहिला. तीन डॉलरसाठी एवढं? हो. कारण तोवर ती कांडी चैन उरली नव्हती.

मार्च २०२० मध्ये पार्क बंद झालं, ११ जुलैला परत उघडलं. स्पर्श टाळायचा होता, म्हणून जेवणाच्या काउंटरवर जवळजवळ सगळं फोनवर गेलं. ते त्या वेळी बरोबरच होतं. पण १ जानेवारी २०२१ पासून हॉटेलच्या पाहुण्यांना फुकट मॅजिकबँड देणं थांबलं. त्याच वर्षी तेच काम फोनने करण्याची सोय आली. आणि १९ ऑक्टोबर २०२१ ला फुकटच्या फास्टपासची जागा जिनी प्लस नावाच्या सेवेने घेतली: माणशी दिवसाला १५ डॉलर. सकाळी सातला फोनवर पहिली निवड, मग ती वापरली की पुढची, मग त्यापुढची. दिवसभर. २०२४ मध्ये याचंही नाव आणि नियम बदलले, फोन मात्र हातातच राहिला.

आता पूर्ण चित्र बघा. १९९९ मध्ये रांग पार्कच्या प्लगवर चालत होती. २०१३ मध्ये पार्कने दिलेल्या सेलवर. २०२१ नंतर ती चालते तुमच्या लिथियमवर. आमच्या धंद्यात याला काम सर्व्हरवरून क्लायंटवर ढकलणं म्हणतात. त्यात पाप नाही, मीही रोज करतो. सर्व्हरचं बिल आपल्याला येतं, ग्राहकाच्या फोनचं येत नाही. फरक असा की ब्राउझरमध्ये ढकललेल्या कामाने फार तर कुणाचा लॅपटॉप गरम होतो. इथे त्या बॅटरीवर चार-पाच जणांची सुट्टी उभी असते. ॲपमध्ये सगळ्या कुटुंबाची तिकिटं एकाच खात्याला जोडता येतात, त्यामुळे घरात एकच फोन कामाचा ठरतो, बहुधा मुलाचा नाहीतर सुनेचा. आई-बाबांच्या फोनमध्ये भारतातलं सिम, ॲप नाही, पासवर्ड नाही. तो एक फोन तीन वाजता बंद पडला की जेवणाची ऑर्डर, पुढच्या राइडची वेळ, आजोबा कुठे बसलेत हे विचारायचा मार्ग, सगळं एकदम जातं. ज्याचा फोन नवा त्याचा दिवस लांब, आणि जुन्या फोनवाल्याने पैसे तेवढेच भरलेले असतात.

ओरलँडोची हवाही विरुद्ध पक्षात आहे. ॲपल स्वतः सांगतं की आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरा. जुलैत तिथे दुपारी सावलीतच ३३ सहज असतं, उन्हात हातातला फोन त्याच्या पुढे जातो. लिथियम-आयन बॅटरी गरम असताना भरणं तिच्या तब्येतीला वाईट, म्हणून फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. म्हणजे पॉवर बँक जोडून फोन उन्हात हातात धरला तर दोन्ही संपत जातात. चार्ज करायचा तर एसी असलेल्या शोमध्ये, बॅगेत, स्क्रीन बंद करून.

पॉवर बँकेवरचा आकडाही नीट वाचा. १०,००० एमएएच हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं माप, म्हणजे ३७ वॉट-अवर. ते ५ व्होल्टला चढवताना गळती होते, हाती साधारण ६३०० एमएएच पडतात. ५००० च्या फोनला दीडेक चार्ज. एका दिवसाला, एका फोनला पुरे; दोन फोनना नाही. विमानात ती केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही.

२०२२ मध्ये मॅजिकबँडची नवी आवृत्ती आली, मॅजिकबँड प्लस. दिवे लागतात, थरथरते आणि हो, चार्ज करावी लागते. हॉटेलच्या खोलीत रात्री फोन, घड्याळ, पॉवर बँक आणि आता पट्टा, असे सगळे प्लग शोधतात. गंमत म्हणजे त्या पट्ट्याची बॅटरी संपली तरी गेट उघडतं, कारण आत ती जुनी बिनविजेची चिप अजून आहे. तीच चिप असलेलं साधं प्लास्टिकचं कार्डही अजून मिळतं, फक्त आपणहून मागावं लागतं. आई-बाबांसाठी ते मागून घ्या आणि त्यांच्या पर्समध्ये ठेवा.

कुणाच्या घरी जुन्या अल्बममध्ये कागदी फास्टपासची चिठ्ठी सापडली तर फोटो काढून पाठवा. त्यावर छापलेली वेळ आणि राइडचं नाव वाचता येत असेल तर पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्यावर बोलू.