टायरोसिनवरील फॉस्फेट आणि टी-पेशीचा संदेश

शरीरात शिरलेल्या परक्या द्रव्याची ओळख टी-पेशीला तिच्या पृष्ठभागावरील ग्राहीमुळे पटते. १९८० नंतरच्या काही वर्षांत या ग्राहीची प्रथिने व जनुके संशोधकांच्या हाती आली, आणि एक नवाच पेच उभा राहिला. परके द्रव्य ओळखणाऱ्या दोन्ही शृंखलांची पेशीच्या आत गेलेली टोके अगदी आखूड असून संपूर्ण ग्राहीत विकराचे कार्य करणारा भागच नाही. मग बाहेरची वार्ता आत पोहोचते कशी? या प्रश्नाचे उत्तर प्रथिनांच्या फॉस्फोरिलीकरणात होते.

फॉस्फोरिलीकरणाचे नियंत्रक कार्य सिएटल येथे एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांनी १९५५ मध्ये सशाच्या स्नायूतील फॉस्फोरिलेज या विकरावर दाखवून दिले होते. पुढे वीसएक वर्षे मात्र असे मानले गेले की, प्राणिपेशीत फॉस्फेट जोडले जाते ते सेरिन व थ्रिओनिन या दोन ॲमिनो अम्लांनाच. कोंबड्यांत अर्बुद उत्पन्न करणाऱ्या रौस विषाणूचे सार्क हे प्रथिन फॉस्फेट जोडणारे विकर आहे, असे १९७८ मध्ये आढळले. तेव्हाही ते थ्रिओनिनवर कार्य करते असाच निष्कर्ष निघाला.

तो निष्कर्ष चुकीचा होता, आणि चूक उघडकीस आली ती काहीशा अनपेक्षित रीतीने. कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत टोनी हंटर हे १९७९ मध्ये पॉलिओमा विषाणूच्या एका प्रथिनाची परीक्षा करीत होते. फॉस्फेटयुक्त ॲमिनो अम्ले विद्युत्-संचारणाने वेगळी करण्यासाठी वापरावयाच्या विद्रावाचे पीएच मूल्य १.९ असावयास हवे होते. नवा विद्राव करण्याचा कंटाळा आल्याने आपण जुनाच वापरला, असे हंटर यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. वारंवार वापराने त्याचे मूल्य १.७ च्या आसपास उतरले होते. १.९ ला फॉस्फोटायरोसिन व फॉस्फोथ्रिओनिन एकाच जागी येतात, १.७ ला ती विलग होतात. हंटर यांना एक अनोळखी ठिपका दिसला. या घटनेला केवळ योगायोग म्हणणे मला पटत नाही. ठिपका दुर्लक्षिण्याजोगा होता, तो त्यांनी दुर्लक्षिला नाही. सामान्य पेशीतील फॉस्फेटयुक्त ॲमिनो अम्लांत फॉस्फोटायरोसिनचे प्रमाण अवघे ०.०३ टक्के असते, हे ध्यानी घेतले म्हणजे पूर्वीच्या संशोधकांना दोष देणेही अवघड होते.

टी-पेशीचा पेच यानंतर उलगडत गेला. सार्कच्याच कुळातील एल्‌सीके हे विकर सीडी४ व सीडी८ या प्रथिनांना आतल्या बाजूने चिकटलेले असते, असे १९८८ मध्ये समजले. ग्राहीच्या साहाय्यक शृंखलांत टायरोसिनच्या जोडीचा एक ठराविक अनुक्रम पुनःपुन्हा येतो, याकडे १९८९ मध्ये मायकेल रेथ यांनी लक्ष वेधले. एल्‌सीके त्या टायरोसिनांना फॉस्फेट जोडते, आणि तेथे झॅप-७० हे दुसरे विकर येऊन बसते; त्याचे जनुक १९९२ मध्ये आर्थर वाइस यांच्या गटाने उजेडात आणले.

मध्यंतरीची एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. श्वेतपेशींवरील सीडी४५ हे प्रथिन टायरोसिनवरील फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांच्या वर्गात बसते, असे १९८८ मध्ये प्रतिपादन करणाऱ्यांत एडमंड फिशर हेही होते. असे विकर संदेशाचे शत्रू असेल, असा तर्क साहजिक होता. पण १९८९ मध्ये उलटेच दिसले : सीडी४५ नसलेल्या टी-पेशी ग्राहीच्या चेतनेला प्रतिसादच देईनात. एल्‌सीकेच्या शेपटीजवळ, ५०५ व्या स्थानी असलेल्या टायरोसिनवर फॉस्फेट असेतो ते विकर निष्क्रिय राहते, आणि तो फॉस्फेट सीडी४५ काढते.

या साखळीतील एक कडी गळाली तर काय होते, ते १९९४ मध्ये प्रयोगशाळेबाहेर दिसले. जन्मतः झॅप-७० नसलेली, वारंवार गंभीर संसर्गांनी पीडित झालेली काही बालके आढळली. त्यांच्या रक्तात सीडी८ टी-पेशी जवळजवळ नव्हत्याच. सीडी४ पेशी संख्येने पुरेशा होत्या, पण ग्राहीद्वारे चेतविल्या असता त्या निश्चल राहत.